दिवसाला जेमतेम २१०० पावलं होतात, मॉर्निंग वॉक जमत नाही. चालणं रोजच्या धबडग्यात बसवायचं कसं?

गाडीवाला_कोथरूड:

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर समजून घ्या.

वय ४३, कोथरूडला आनंदनगरच्या बाजूला राहतो, ऑफिस पुणे स्टेशनजवळ, काम अकाउंट्सचं. म्हणजे सकाळी साडेनऊला खुर्चीत टेकलो की उठणं होतच नाही, डबासुद्धा बऱ्याचदा जागेवरच खातो. गेल्या महिन्यात चेकअप झालं त्यात एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी टेस्ट) ६.१ आलं, उपाशीपोटीची शुगर ११२. डॉक्टर म्हणाले हा अजून डायबिटीस नाही, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, आत्ता गोळी देत नाही, तीन महिने रोज चाला आणि मग परत तपासू.

घरी येऊन फोनमधलं ते पावलं मोजायचं अ‍ॅप उघडलं, महिन्याची सरासरी २१००. मग दिवस आठवत बसलो. लिफ्टने खाली, पार्किंगमधून गाडी काढायची, ऑफिसच्या दारात लावायची, लिफ्टने वर. संध्याकाळी दूध आणायची डेअरी घरापासून चालत चार मिनिटांवर आहे, तिथेपण गाडीवरच जातो. मुलीला क्लासला सोडायला गाडी, आणायला गाडी, भाजीला गाडी. पायाने जातो असं ठिकाणच उरलेलं नाही.

मॉर्निंग वॉक तीनदा सुरू करून तीनदा सुटलाय. मुलीची शाळेची बस ६.५० ला येते, डबे मी आणि बायको मिळून करतो, आईचं इन्सुलिन नाही पण बीपीची गोळी-चहा-नाश्ता वेळेवर लागतो, त्यात सकाळचा पाऊण तास काढणं खरंच होत नाही. रात्री उशिरा झोपून पहाटे उठलो तर चौथ्या दिवशी अंग मोडून येतं.

एवढी भीती का वाटतेय तेपण सांगतो. बाबांना २२ वर्षं डायबिटीस होता. एकदा मे महिन्यात आम्ही तुळजापूरला गेलो, दर्शनाची रांग, बाहेरची फरशी तापलेली, आम्ही सगळे एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो आणि बाबा शांत उभे. आम्हाला वाटलं केवढी सहनशक्ती. घरी येऊन त्यांनी पाय पुसायला घेतले तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड होते, पाण्याने टम्म भरलेले, आणि त्यांना काही कळलंच नव्हतं. पुढे उजव्या पायाची जखम सात महिने भरली नाही, अंगठा काढावा लागला. रोज रात्री ड्रेसिंग मी करायचो. तो गॉझ काढतानाचा वास अजून नाकात आहे. मला माझ्या मुलीला ते करायला लावायचं नाहीये.

तर प्रश्न एवढाच, की वेगळा वेळ न काढता, आहे त्या दिवसातच चालणं बसवलंय असं कुणी आहे का? नक्की काय केलंत, ते टिकलं का, आणि असं तुकड्या-तुकड्याने चाललेलं शुगरला उपयोगी पडतं का की सलग पाऊण तासच लागतो?

---

मृद्गंध:

+१. माझं ६.३ आहे, धागा वाचत राहणार.

---

निशिगंधा_डोंबिवली:

दादा, वाचून पोटात कालवलं. तुमच्या बाबांचं वाचून माझी मावशी आठवली, असो.

माझा अनुभव सांगते. मी डोंबिवली-दादर रोज करते, ऑफिस प्रभादेवीला. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा मला कळलं की मी इतकी वर्षं चालत होते, कारण ते एकदम बंद पडलं. घर ते स्टेशन, पूल चढा-उतरा, गाडी ४ नंबरला येणार म्हणून पळा, दादरला परत पूल, हे सगळं मी त्रास म्हणून मोजत होते, व्यायाम म्हणून कधी मोजलंच नव्हतं. दीड वर्षात ९ किलो वाढले आणि जिना चढताना धाप लागायला लागली, तेपण खाणं तेवढंच असताना.

ऑफिस परत सुरू झालं तेव्हा मी एकच गोष्ट बदलली. दादरला वेस्टला उतरलं की सगळे शेअर टॅक्सीच्या लायनीत उभे राहतात, मीपण राहायचे, पंधरा मिनिटं लायनीत आणि मग दहा मिनिटं टॅक्सीत. आता मी फुलमार्केटमधून चालत निघते आणि बावीस मिनिटांत ऑफिसला पोचते, म्हणजे टॅक्सीपेक्षा तीन मिनिटं आधीच. आणि ती बावीस मिनिटं मला आवडायला लागलीयेत. झेंडूचे ढीग, ओल्या गोणपाटाचा वास, हमाल पाटी डोक्यावर घेऊन बाजू बाजू ओरडत येतात, एक बाई पुलाखाली बसून दुर्वांच्या जुड्या बांधते ती मला ओळखते आता, दोन दिवस दिसले नाही तर विचारते. पावसात मात्र चिखल असतो खूप, त्यामुळे एक जोड चपला ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय.

मला सांगायचंय ते हे की तुम्ही वेळ शोधू नका, असं ठिकाण शोधा जिथे गाडीचा वेळ आणि पायाचा वेळ जवळजवळ सारखा आहे. तुमच्याकडे मेट्रो आहे ना आता? आनंदनगरपासून पुणे स्टेशन थेट एकाच लायनीवर आहे माझ्या मते, माझी नणंद वनाजला राहते ती सांगते. गाडी घरी ठेवून बघा. मेट्रो घेतली की दोन्ही टोकांना आपोआप चालावं लागतं, ठरवायचा प्रश्नच येत नाही.

अजून एक, फोन आला की मी उठते. आईशी रोज वीस मिनिटं बोलते ते पूर्ण गॅलरी ते स्वैपाकघर फेऱ्या मारत, आईला आता माझ्या आवाजावरून कळतं मी बसलेय की चालतेय.

---

पोटरी:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, १४ वर्षं प्रॅक्टिस, डायबिटीसचे पेशंट रोज बघते. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं आधी उत्तर देते कारण तोच महत्त्वाचा आहे. तुकड्यातुकड्याने चाललेलं उपयोगी पडतं. शुगरसाठी तर काही बाबतीत सलगपेक्षा बरं.

कारण असं आहे. जेवल्यानंतर रक्तातली शुगर वर जायला लागते आणि साधारण तास-दीड तासात तिचं टोक येतं. स्नायू हलायला लागले की ते रक्तातलं ग्लुकोज थेट आत ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. तुमच्यासारख्या उंबरठ्यावरच्या माणसाचं दुखणंच हे असतं की इन्सुलिन आहे पण पेशी त्याचं नीट ऐकत नाहीत. चालणं म्हणजे मागच्या दाराने साखर आत घेणं. मांड्या आणि पोटऱ्या हे शरीरातले मोठे स्नायू, ते कामाला लावले की फरक पडतो, म्हणून वेळ निवडायची तर जेवणानंतरची निवडा. २०१३ मध्ये साठी उलटलेल्या, शुगर थोडी वर असलेल्या लोकांवर अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला होता. तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालणं हे सकाळच्या सलग ४५ मिनिटांइतकंच दिवसभराच्या शुगरला उपयोगी पडलं आणि रात्रीच्या जेवणानंतरची शुगर तर त्यानेच जास्त खाली राहिली. फार थोडी माणसं होती त्यात, पण नंतरच्याही अभ्यासांची दिशा तीच आहे. आपल्याकडे शतपावली हा शब्द उगाच नाही आला, फक्त आपण जेवून टीव्हीसमोर बसायला लागलो आणि शब्द तेवढा राहिला.

दहा हजाराचं दडपण घेऊ नका. तो आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. जपानमध्ये टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव छान होतं, आकडा गोल होता, तो जगभर पसरला. २०२५ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात दिवसाला २००० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ७००० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४७ टक्के कमी दिसला. आजारी माणूस मुळातच कमी चालतो हेपण त्या आकड्यात थोडं मिसळलेलं असणार, त्यामुळे ४७ हा आकडा घोकू नका, पण २००० वरून ४-५ हजारावर जाणाऱ्यालाच सगळ्यात जास्त फायदा होतो हे मी पेशंटमध्ये रोज बघते. तुम्ही नेमके तिथे आहात.

हिशोब सोपा ठेवा. मिनिटाला १०० पावलं म्हणजे बरा वेग, दहा मिनिटांत हजार. बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही एवढा दम लागला की वेग बरोबर. जेवल्यावर मात्र इतकं जोरात नको, रमतगमत चाला, अर्ध्या तासाच्या आत सुरू करा.

आता दोन गोष्टी ज्या लोक ऐकत नाहीत. एकदम वाढवू नका. २१०० वरून पहिल्याच आठवड्यात आठ हजार करणारे तिसऱ्या आठवड्यात टाच धरून माझ्याकडे येतात. दर आठवड्याला हजारभर वाढवा, पुरे. आणि दुसरं, सकाळी दव पडलेल्या गवतावर अनवाणी चाला असं जे सांगतात ते डायबिटीसच्या माणसाने करायचं नाही, पायाची संवेदना कमी झालेली असेल तर अजिबातच नाही. तुमच्या बाबांचं जे झालं ते मी दरवर्षी एप्रिल-मेमध्ये बघते, देवळाच्या फरशीचे फोड. देवळात जाडसर मोजे घाला, देव काही म्हणत नाही. रोज रात्री तळवे आरशात बघायचे किंवा घरच्या कुणाला दाखवायचे, बुटात पाय घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा. जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात त्यांनी चालणं वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगायचं आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवायच्या, कारण शुगर एकदम खाली जाऊ शकते. गाडीवाला, तुम्हाला गोळ्या नाहीत, तुम्ही बिनधास्त चाला.

---

बेस्टवाल्याचा_मुलगा:

पोटरीताईंनी अभ्यासाचं लिहिलं म्हणून मलापण लिहावंसं वाटलं, कारण या विषयावरचा एक जुना गाजलेला अभ्यास बस कंडक्टरांवरचा आहे आणि माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते.

लंडनमध्ये जेरी मॉरिस म्हणून डॉक्टर होते, त्यांनी १९५३ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलं की डबल डेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर, एकाच बसवर, एकाच कंपनीत, साधारण सारख्या पगारावर, पण हार्टचा त्रास ड्रायव्हरांना जास्त. ड्रायव्हर शिफ्टभर बसलेला आणि कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. टपाल खात्यातपण तेच दिसलं, पत्रं वाटणारा पोस्टमन आणि आत बसणारा कारकून. लोक म्हणाले की मुळात जाडे लोकच ड्रायव्हर होत असतील, तर मॉरिस यांनी कर्मचाऱ्यांना दिलेल्या युनिफॉर्मच्या कमरेची मापं काढून तपासली, आणि ड्रायव्हरांची कंबर खरोखरच जास्त निघाली आणि त्यांनी तेपण छापलं. माणूस किती प्रामाणिक बघा. पुढे त्यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं.

आपल्याकडे डबल डेकरला दोन कंडक्टर असायचे, एक खाली एक वर, त्यामुळे लंडनएवढे जिने नव्हते. पण वडील आठ तास उभे, गर्दीत मागून पुढे पुढून मागे, हातात तिकिटाची पेटी, पंचची टकटक. तीस वर्षं. घर परळला चाळीत तिसऱ्या मजल्यावर, नळ खाली, संडास गॅलरीच्या टोकाला. त्यांनी आयुष्यात एक मिनिट व्यायाम म्हणून केला नाही आणि ५८ व्या वर्षी रिटायर झाले तेव्हा पोट सपाट होतं.

मग आम्ही बदलापूरला फ्लॅट घेतला. त्यांना आराम द्यायचा म्हणूनच घेतला, खरं सांगतो, मला केवढा अभिमान वाटला होता. लिफ्ट, संडास आत, पाणी आत, पेपर दारात, दूध दारात. पहिल्या वर्षात १२ किलो वाढले. दुसऱ्या वर्षी शुगर निघाली, तिसऱ्या वर्षी गुडघे. आम्ही प्रेमाने त्यांचं सगळं चालणं काढून घेतलं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

वॉकला जा म्हणून सांगितलं तर जायचे नाहीत. म्हणायचे कुठे जाऊ? ज्या माणसाने जन्मभर कामासाठी चाललं त्याला बागेत गोल गोल फिरणं जमेना. मग माझ्या बायकोने डोकं लावलं. दूध बंद केलं, पेपर बंद केला आणि त्यांना सांगितलं बाबा तुम्हीच आणत जा, आणि एका फेरीत एकच वस्तू. दूध वेगळं, पेपर वेगळा, भाजी वेगळी, संध्याकाळी नातवाची वही. पहिल्यांदा चिडले, हे काय, एकदम आणतो की सगळं. ती म्हणाली नाही, दूध ताजं पाहिजे. मग त्यांची दिवसाला पाच-सहा कामं झाली, प्रत्येक दहा-बारा मिनिटांची. आता ७१ चे आहेत, गोळी चालू आहे पण डोस वाढलेला नाही, आणि बाजारात अर्धी दुकानं त्यांना मास्तर म्हणतात, जुनं कंडक्टर मास्तर.

गाडीवाला, डेअरी चार मिनिटांवर आहे म्हणालात ना. तिथूनच सुरुवात करा. गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर असेल तर ती काढून कपाटात आत ठेवा. पिशवी खिळ्याला लावा.

---

संत्रानगरीची_ताई:

सगळ्यांचं बरोबर आहे, पण मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. चाला चाला म्हणणं सोपं आहे, चालायचं कुठे? मी नागपूरला राहते. आमच्या रस्त्याला फुटपाथ आहे, त्याच्यावर एक विजेची डीपी, दोन ठेले, एका दवाखान्याचा जनरेटर आणि उरलेल्या जागेत गाड्या लावलेल्या. म्हणजे चालायचं रस्त्यावरूनच, मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकत. मागच्या वर्षी माझ्या शेजारच्या काकू दूध आणायला निघाल्या होत्या, उघड्या गटाराच्या झाकणात पाय गेला, घोटा मोडला, त्या आता घराबाहेर निघायला भितात. चालण्यानेच त्यांचं चालणं बंद झालं.

आणि मे महिना. ४५ डिग्री, नवतपात तर सकाळी आठला ऊन चावते, संध्याकाळी सात वाजता डांबरातून वाफ निघून राहते. रात्री जेवल्यावर शतपावली म्हणता, साडेनऊला एकटी बाई रस्त्याने फिरून राहिली तर चार नजरा वळतात आणि कुत्री मागे लागतात ते वेगळं. पुरुषांना हे लक्षात येत नाही, बायकांना रस्त्यावर कारण नसताना चालायची परवानगीच नसते. हातात पिशवी असली तर चालते, नुसती हात हलवत निघाली तर लोक विचारतात कुठे चाललीस.

म्हणून मी घरातच चालते. पहिल्यांदा कसंतरीच वाटलं. हॉलच्या दारापासून मागच्या अंगणापर्यंत माझी १९ पावलं होतात, जाऊन-येऊन ३८, सत्तावीस फेऱ्या केल्या की हजार. कूलर चालू ठेवते, दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटं आणि रात्री पंधरा. सासूबाई सुरुवातीला म्हणत होत्या काय गं वाघासारखी फिरून राहिली पिंजऱ्यात, आता त्यापण भिंतीला हात लावून सोबत चालतात, त्यांची सात-आठ फेऱ्यांनंतर दमछाक होते पण चालतात. पायात घरातली रबरी चप्पल नाही, बूट घालते, फरशीवर अनवाणी फेऱ्या मारल्या तर माझी टाच दुखते.

पण मला हे घरात कोंडून चालणं हे उत्तर वाटत नाही, हे मी मनापासून सांगते. पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रोड गाड्यांना बंद करून पादचारी दिन करतात असं वाचलं, २०२१ पासून करतात. चांगलं आहे, पण उरलेले ३६४ दिवस? आपल्या वॉर्डच्या नगरसेवकाकडे आपण पाण्यासाठी जातो, लाइटसाठी जातो, फुटपाथसाठी कुणी जात नाही. आम्ही बारा बायकांनी सह्या करून त्या झाकणाचा अर्ज दिला, चार खेटे घातले, सहा आठवड्यांनी झाकण बसलं. एक झाकण. पण काकू आता गेटपर्यंत येतात.

---

गाडीवाला_कोथरूड:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या आपुलकीने कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ताई, तुमचं बायकांच्या चालण्याचं वाचून मी बायकोला दाखवलं, ती म्हणाली शंभर टक्के खरं आहे, आणि मग मी विचारलं तू रात्री माझ्याबरोबर खाली येशील का.

एक शंका, आई म्हणते जेवल्यावर लगेच चाललं की पोटात कळ येते, वामकुक्षी घ्यावी. त्याचं काय?

---

पोटरी:

जोरात चाललात तर कळ येऊ शकते, हळू चाललं तर काही होत नाही. पित्ताचा किंवा ॲसिडिटीचा त्रास असणाऱ्यांना तर आडवं होण्यापेक्षा चालणंच बरं. आईंना अँजायना किंवा हार्टचा त्रास असेल तर मात्र जेवणानंतरच्या चालण्याचं त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

---

गाडीवाला_कोथरूड (सहा आठवड्यांनंतर):

धागा वर आणतोय. तपासणी अजून व्हायचीय, डॉक्टर म्हणाले एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत करून उपयोग नाही, लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात त्यामुळे आकडा हळूच हलतो. म्हणून शुगरचं काही सांगत नाही, काय काय झालं ते सांगतो.

किल्ली कपाटात गेली. पहिले चार दिवस हात आपोआप खिळ्याकडे जायचा आणि पिशवी हाताला लागायची, बेस्टवाले साहेब, तुमची युक्ती जबरदस्त आहे. दूध आता पायी. मेट्रो सुरू केली, सकाळी आनंदनगरला जिन्याने चढतो, मंगळवार पेठेला, म्हणजे पुणे स्टेशनच्या एक स्टेशन अलीकडेच उतरून पुढचं चालत जातो. येताना नळ स्टॉपला उतरून कर्वे रोडने घरी, साधारण अर्धा तास लागतो, मध्येच भाजी घेतो. वीस वर्षं त्या रस्त्याने गाडीवर गेलोय आणि मला माहीत नव्हतं की एका बोळाच्या तोंडाशी एक आजोबा अजून छत्र्या दुरुस्त करतात. बाबांची लांब दांड्याची छत्री माळ्यावर होती, तिची काडी तुटली होती म्हणून पडून होती, ती काढून त्यांच्याकडे दिली, साठ रुपयांत झाली. तीच वापरतोय आता, पावसाळाभर.

गाडी पूर्ण सुटलेली नाही, मुलीच्या क्लासला अजून गाडीच लागते, महिनाअखेरच्या हिशेबाच्या दिवसांत उशीर होतो तेव्हाही. सरासरी ६४०० आहे, सातला पोचायचंय.

पोटरीताईंनी सांगितलेलं न ऐकता तिसऱ्या आठवड्यात उत्साहाने पर्वती चढून आलो दोन रविवार, शंभरेक पायऱ्यांना काय होतंय असं वाटलं, आणि टाच धरली. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना खिळा घुसल्यासारखं व्हायचं. आठ दिवस कमी केलं, पोटरीचे ताण दिले, पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून ती तळव्याखाली फिरवली, ऑफिसचे सपाट तळाचे बूट बदलले. आता नव्वद टक्के बरं आहे.

सगळ्यात मोठा बदल रात्रीचा. जेवण झालं की मी, बायको आणि मुलगी सोसायटीत खाली उतरतो, आणि दुसऱ्या आठवड्यापासून आईपण यायला लागली. ती ७० ची आहे. आमच्या दोन बिल्डिंगांभोवती एक फेरी म्हणजे तिची सहा मिनिटं, दोन फेऱ्या करते आणि मग पारिजातकाच्या कट्ट्यावर बसते. फेऱ्या मारताना ती मुलीला बाबांच्या गोष्टी सांगते, ज्या मलाही माहीत नव्हत्या. बाबा लग्नाआधी तिला बघायला आठ मैल चालत आले होते म्हणे, एसटी चुकली म्हणून.

आता तिच्यासाठीच विचारायचं होतं. ती नऊवारी नाही पण रोज पाचवारी साडी नेसते, पायात अंगठ्याची साधी चप्पल, ती सटकते, परवा पायरीवर तोल गेला. बूट घाल म्हटलं तर लाजते, साडीवर बूट घालून लोकांत कशी येऊ म्हणते. काय घ्यावं?

---

निशिगंधा_डोंबिवली:

आठ मैलांचं वाचून डोळे भरून आले हो. आईंना मागे पट्टा असलेली सँडल बघा, पुढे बंद किंवा रुंद पट्ट्याची, तळ जाड पण मऊ आणि खाली खाचा असलेला. माझ्या आईला तपकिरी रंगाची घेतली, साडीखाली नीट झाकली जाते, कुणाला कळतसुद्धा नाही. बकलऐवजी चिकटपट्टीची घ्या, वाकून बकल लावताना त्यांना चक्कर येऊ शकते. आणि साडी दोन बोटं वर नेसायला सांगा, काठ पायात येतो तेच मोठं कारण असतं पडायचं.

---

पोटरी:

वरच्याला अनुमोदन. माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा सुजतो, सकाळी घेतलेली रात्री चावते. आणि दुकानात आईंना स्वतःला घेऊन जा, चार पावलं चालून बघू दे. दोन्ही पायांची मापं घ्यायला सांगा, बऱ्याच जणांचा एक पाय मोठा असतो, मोठ्या पायाच्या मापाची घ्यायची. पहिले चार-पाच दिवस घरातच वापरू दे, आणि रात्री तुम्ही तिचे तळवे एकदा बघत जा, कुठे लाल तर झालं नाही ना.

---

गाडीवाला_कोथरूड:

बघतो. ड्रेसिंगची सवय आहे, तळवे बघायचं जमेल. शनिवारी संध्याकाळी तिला घेऊन लक्ष्मी रोडला जातोय, डेक्कनपर्यंत मेट्रोने, मग पुढे तिच्या पायाला झेपेल तेवढं चालत आणि बाकी रिक्षाने.